घोड्यावरचं चर्च

१७७६ साली अमेरिकेत कोणी पैज लावली असती की पाऊणशे वर्षांनी इथलं सगळ्यांत मोठं प्रोटेस्टंट चर्च कोणतं असेल, तर मेथडिस्टांवर कोणी फुटकी दमडीही लावली नसती. रॉजर फिंक आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी चाळून हिशेब मांडलाय. त्या वर्षी चर्चशी बांधिलकी असलेल्या दर १०० अमेरिकनांत मेथडिस्ट जेमतेम अडीच होते. १८५० मध्ये ते झाले ३४! प्रतिष्ठित काँग्रिगेशनल मंडळींकडे हार्वर्ड आणि येल होतं, अँग्लिकनांकडे इंग्लंडचा राजा होता. मेथडिस्टांकडे घोडे होते.

पुढचे किस्से त्या घोड्यांचे, त्यांवर बसलेल्यांचे आणि वाटेत मागे टाकून दिलेल्या सामानाचे.

संस्थापक रातोरात पसार

मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली. हा अँग्लिकन पाद्री १७३६ मध्ये मोठ्या उमेदीनं जॉर्जिया वसाहतीत उतरला. मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करायचं होतं. झालं भलतंच. सव्हाना गावच्या मुख्य न्यायाधिकाऱ्याची भाची सोफिया हॉपकी हिच्यावर स्वारीचा जीव जडला. लग्न करावं की नाही? वेस्लीनं चिठ्ठ्या टाकल्या. एका चिठ्ठीवर 'कर', दुसरीवर 'यंदा नको', तिसरीवर 'विचारच सोडून दे'. निघाली तिसरी.

सोफियाही चिठ्ठीची वाट बघत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं दुसऱ्याशी लग्न केलं. मग पाद्रीबुवांनी तिला चर्चमध्ये प्रभुभोजन नाकारलं, नवऱ्यानं फिर्याद केली आणि ज्युरीनं वेस्लीवर दहा कलमांचं आरोपपत्र ठेवलं. डिसेंबर १७३७ मध्ये एका रात्री त्यानं गाव सोडलं. पुढे तो आणखी ५३ वर्षं जगला, इंग्लंडभर घोड्यावरून फिरला, पण अमेरिकेत पाऊल म्हणून ठेवलं नाही. त्याचं सगळ्यांत मोठं यश मात्र तिथलंच. एका फसलेल्या प्रेमप्रकरणाचं एवढं मोठं नुकसान कोणी इतक्या फायद्यात भरून काढलेलं माझ्या तरी माहितीत नाही.

पत्ते चुलीत, प्रवचन दिवाणखान्यात

न्यूयॉर्क, १७६६. आयर्लंडहून आलेल्या स्थलांतरितांच्या घरात पत्त्यांचा डाव रंगलाय. बार्बरा हेक नावाची बाई आत शिरते, टेबलावरचे पत्ते गोळा करते आणि थेट चुलीत टाकते. ही सांगोवांगी चालत आलेली गोष्ट. तिथून ती तडक गेली फिलिप एम्बरी या आपल्या नात्यातल्या भावाकडे. हा पठ्ठ्या आयर्लंडमध्ये उपदेश करायचा, पण न्यूयॉर्कला आल्यापासून सुतारकामात गुंतून गप्प बसला होता. बार्बरानं त्याला फैलावर घेतलं. एम्बरी म्हणाला, "मंडळी कुठायत?" ती म्हणाली, "मी आणते." पहिल्या प्रवचनाला मोजकी पाचेक माणसं जमली. त्यांत बेटी नावाची एक कृष्णवर्णीय मोलकरीणही होती.

थोड्याच दिवसांत सभेत लाल गणवेशातला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी येऊन उभा राहिला. एका डोळ्यावर पट्टी, कमरेला तलवार. धरपकड होणार म्हणून मंडळींची पाचावर धारण बसली. पण हा कॅप्टन थॉमस वेब स्वतःच मेथडिस्ट निघाला! डोळा लढाईत गमावलेला. हा गडी प्रवचनाला उभा राहिला की आधी तलवार उपसून बायबलशेजारी ठेवायचा. झोप लागायची कोणाची बिशाद होती?

१७६८ मध्ये जॉन स्ट्रीटवर त्यांनी इमारत उभारली. व्यासपीठ एम्बरीनं स्वतःच्या हातानं घडवलं. सरकारमान्य पंथाबाहेरच्यांना चर्च बांधायला कायद्याची अडकाठी होती, म्हणून म्हणे इमारतीत चूल आणि धुराडं बसवलं. धुराडं आहे म्हणजे घरच, नाही का? तिथं आजही त्याच मंडळीचं चर्च उभं आहे, वॉल स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर.

या चर्चच्या हिशेबात एक अस्वस्थ करणारी नोंद सापडते. १७८३ मध्ये विश्वस्तांनी चाळीस पौंडांना एक माणूस विकत घेतला. पीटर विल्यम्स हा त्यांच्याच चर्चची देखभाल करणारा गुलाम. मालक देश सोडून चाललेला, आपण भलत्याच्या हाती पडू नये म्हणून त्यानंच चर्चला गळ घातली होती. पुढे पीटरनं तंबाखूचा धंदा केला, ती रक्कम फेडली आणि तो स्वतःचा मालक झाला. नंतर कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र मेथडिस्ट चर्च न्यूयॉर्कमध्ये उभं करणाऱ्यांत तो होता.

पत्ता: फ्रान्सिस ॲस्बरी, अमेरिका

१७७१ मध्ये वेस्लीनं इंग्लंडमधल्या सभेत विचारलं, अमेरिकेला कोण जाणार? पंचविशीतल्या फ्रान्सिस ॲस्बरीनं हात वर केला. शाळा लहानपणीच सुटलेली, धातुकामाच्या कारखान्यात उमेदवारी केलेली. तो गेला आणि परत आलाच नाही. आईला पैसे पाठवत राहिला, पण तिची भेट पुन्हा झाली नाही.

ॲस्बरीनं ४५ वर्षांत घोड्यावरून (म्हातारपणी गाडीतून) केलेला प्रवास अंदाजे २,७०,००० मैलांचा मानतात. म्हणजे पृथ्वीला दहाहून जास्त प्रदक्षिणा. ॲपलाचियन डोंगर त्यानं साठहून अधिक वेळा ओलांडला. प्रवचनं सोळा हजारांच्या घरात. घर नाही, बायको नाही, ठावठिकाणा नाही. 'बिशप ॲस्बरी, अमेरिका' एवढ्या पत्त्यावर पत्र पोचायचं असं सांगतात. आणि बिशपचा पगार? रानावनात फिरणाऱ्या नवशिक्या उपदेशकाइतकाच: सुरुवातीला वर्षाला ६४ डॉलर, पुढे ८०.

स्वातंत्र्ययुद्धात मात्र फजिती झाली. वेस्लीनं इंग्लंडात बसून राजाची बाजू घेणारी पुस्तिका छापली आणि अमेरिकेतला प्रत्येक मेथडिस्ट हेर ठरला. वेस्लीनं धाडलेले बाकीचे उपदेशक एकेक करून मायदेशी परतले. ॲस्बरी राहिला. मेरीलँडची निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे त्याला डेलावेअरमध्ये एका न्यायाधीशाच्या घरी आसरा घ्यावा लागला. हे लपणंच फळाला आलं. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन मेथडिस्टांच्या नजरेत पळून न गेलेला इंग्रज हा एकच.

१९२४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्याचा पुतळा बसला, अनावरणाला राष्ट्राध्यक्ष कूलिज होते. पुतळा अर्थातच घोड्यावरचा. सेनापतींच्या गर्दीत हा एक बिनतलवारीचा स्वार.

तीन दिवसांत तीन बढत्या

युद्धानंतर पेच पडला. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन द्यायला दीक्षा घेतलेला पाद्री हवा, आणि तोवर ज्यांच्यावर भिस्त होती ते अँग्लिकन पाद्री तर मोठ्या संख्येनं पळालेले. वेस्लीनं डॉ. थॉमस कोक या सहकाऱ्याला अधिकार देऊन पाठवलं आणि ॲस्बरीला त्याच्या जोडीनं प्रमुख नेमलं. ॲस्बरी म्हणाला, नेमणूक नको, माझ्या उपदेशकांनी मत द्यावं. हे फार हुशारीचं होतं. इंग्लंडहून आलेली नेमणूक इंग्लंड परतही घेऊ शकतं.

मग फ्रीबॉर्न गॅरेटसन हा उपदेशक घोड्यावर बसला आणि सहा आठवड्यांत जमतील तितक्या उपदेशकांना सांगावा देऊन आला. १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरच्या लव्हली लेन चर्चमध्ये साठेक जण जमले. यजमानांनी पाहुण्यांसाठी मोठी शेगडी बसवली आणि काही बाकांना पाठी लावल्या. म्हणजे एरवी लोक बिनपाठीच्या बाकांवर प्रवचन ऐकत होते! २५ डिसेंबरला ॲस्बरी डीकन झाला, २६ ला एल्डर, २७ ला सुपरिंटेंडेंट. आपल्याकडे सरकारी नोकरीत अशी बढती कोणी पाहिली असेल तर कळवावं.

पुढे त्यानं 'बिशप' ही पदवी लावायला सुरुवात केली तेव्हा वेस्ली भयंकर चिडला. मला हवं तर लबाड म्हणा, मूर्ख म्हणा, पण बिशप कोणाला म्हणू देणार नाही, अशा अर्थाचं खरमरीत पत्र त्यानं धाडलं. समुद्रापलीकडून आलेल्या रागाचा जेवढा परिणाम व्हायचा तेवढाच झाला.

नोकरी आहे: पगार नगण्य, घोडा स्वतःचा

आता मुख्य यंत्रणा. एका उपदेशकाला एक सर्किट, म्हणजे दोनशे ते पाचशे मैलांचा फेरा. चार ते सहा आठवड्यांत एक फेरी: आज कोणाच्या झोपडीत प्रवचन, उद्या खळ्यात, परवा झाडाखाली. खुर्जीत बायबल, गीतांचं पुस्तक आणि चर्चची नियमावली. वर्षा-दोन वर्षांत बदली. तो नसताना गावातलाच एखादा शेतकरी किंवा चांभार डझनभर माणसांचा गट दर आठवड्याला चालवायचा. त्यामुळे वेतनी पाद्री ठेवायची ऐपत नसलेल्या वस्तीतही चर्च उभं राहायचं, अगदी इमारतीशिवाय. बाकीचे पंथ आधी इमारत, मग पदवीधर पाद्री, मग मंडळी अशा क्रमानं जात होते. तोवर वसाहतवाले आणखी दोनशे मैल पश्चिमेला सरकलेले असायचे.

वादळी रात्री लोक म्हणायचे, आज बाहेर कावळे आणि मेथडिस्ट उपदेशक सोडून कोणी नसेल. रिचर्ड नोली या उपदेशकाचा किस्सा तर अमेरिकाभर सांगितला जातो. मिसिसिपी मुलखात गाडीच्या ताज्या चाकोरीचा माग काढत तो एका कुटुंबापाशी पोचला. नुकतंच सामान उतरवत असलेला घरधनी कपाळाला हात लावून म्हणाला, तुम्हाला टाळायला व्हर्जिनिया सोडलं, जॉर्जिया सोडलं, आणि इथंही तुम्ही हजर! नोली म्हणाला, स्वर्गात गेलात तर तिथं मेथडिस्ट उपदेशक भेटतील, नरकात गेलात तर तिथंही काही असतील अशी मला भीती आहे. तेव्हा आमच्याशी जमवून घेतलेलं बरं. हा हजरजबाबी माणूस काही वर्षांतच लुईझियानाच्या दलदलीत थंडीनं गारठून मेला.

तो एकटा नव्हता. या स्वारांतले कितीतरी तिशी गाठायच्या आतच गेले. ताप, क्षय, पूर, थंडी. १८४७ पर्यंत वारलेल्यांत जवळजवळ निम्मे तिशीच्या आतले होते असं चर्चचे इतिहासकार सांगतात. विक्रमी वाढीचे आकडे वाचताना हा आकडा शेजारी ठेवलेला बरा.

लग्न हा ॲस्बरीच्या लेखी मोठा शत्रू. लग्न झालं की उपदेशक एका जागी बसणार, बायकोपोरांचा खर्च मागणार. १८०९ च्या व्हर्जिनियाच्या वार्षिक सभेत ८४ उपदेशक हजर होते, त्यांत विवाहित किती? तीन.

घोडेस्वार पुस्तकंही विकायचे. १७८९ मध्ये जॉन डिकिन्स यांनी स्वतःचे ६०० डॉलर उसने देऊन चर्चचं प्रकाशनगृह सुरू केलं आणि सगळे उपदेशक त्याचे फिरते विक्रेते झाले. खांद्यावर धर्म, खुर्जीत कमिशनचा माल. जिथं दुकान नाही तिथं पुस्तक पोचवायला यापेक्षा स्वस्त व्यवस्था सापडणं कठीण. त्या प्रकाशनगृहाचा वंश आजही पुस्तकं छापतोय.

जंगलातली जत्रा

ऑगस्ट १८०१, केंटकीतल्या केन रिजचा उघड्यावरचा धर्ममेळावा. यजमान प्रेस्बिटेरियन, पण मेथडिस्ट, बॅप्टिस्ट सगळेच आले. गर्दीचे अंदाज दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत, आणि त्या राज्यातल्या लेक्झिंग्टन या मोठ्या गावाची वस्ती तेव्हा दोन हजारही नव्हती! आपल्याकडच्या जत्रेसारखाच मामला: गाड्या, तंबू, रात्री शेकोट्या, एकाच वेळी चार-पाच जण चार-पाच ठिकाणी उभे राहून बोलताहेत, आणि कडेला व्हिस्कीवालेही आपला धंदा सांभाळून. लोक रडत, कोसळत, अंगात आल्यासारखे झटके देत. पीटर कार्टराइट हा उपदेशक लिहितो की बायकांचे टोप आणि फण्या उडून जायच्या आणि मोकळे केस चाबकासारखे फटकन वाजायचे.

प्रेस्बिटेरियन वरिष्ठांनी नाकं मुरडली. मेथडिस्टांनी मात्र ही कल्पना उचलली, तिचं वेळापत्रक केलं, पहारेकरी नेमले आणि दर उन्हाळ्याचा कार्यक्रम करून टाकला. दहा वर्षांत देशभर असे शेकडो मेळावे भरू लागले.

याच गर्दीत लोरेन्झो डाऊ नावाचा एक अवलिया वावरत असे. केस खांद्यापर्यंत, दाढी वाढलेली, कपडे कळकट. तो एखाद्या गावी सांगायचा, पुढच्या वर्षी याच दिवशी याच वेळी येईन, आणि यायचाही! मेथडिस्टांनी त्याला धड आपला म्हटलं नाही आणि टाकलंही नाही. लोकांनी मात्र पोरांची नावं 'लोरेन्झो' ठेवायचा सपाटा लावला.

वाटेत टाकलेलं सामान

आता गंभीर भाग. १७८४ च्या त्या नाताळी सभेनं ठराव केला की मेथडिस्ट सदस्यांनी गुलाम मुक्त करावेत, नाहीतर चर्च सोडावं. पुढच्या मे महिन्यात कोक आणि ॲस्बरी थेट माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी जेवायला गेले आणि गुलामीविरोधी अर्जावर सही मागितली. वॉशिंग्टन यांनी सहानुभूती दाखवली, सही केली नाही. आणि चर्चचा नियम? सहा महिन्यांतच स्थगित. दक्षिणेतले मळेवाले चिडले होते, दारं बंद होऊ लागली होती आणि वाढ थांबवायची तयारी नव्हती. १८०८ मध्ये तर साऊथ कॅरोलायनासाठी नियमावलीच्या एक हजार प्रती गुलामीचं प्रकरण वगळून छापायचं ठरलं. माझ्या मते या सगळ्या घोडदौडीतला सर्वांत महागडा छापखान्याचा खर्च हाच.

ॲस्बरीची गाडी हाकायचा हॅरी होझियर, जन्मानं गुलाम. वाचता येत नव्हतं, पण बायबल ऐकून पाठ. ॲस्बरीच्या आधी किंवा नंतर तो बोलायला उभा राहायचा आणि गोरे श्रोते बिशपपेक्षा त्याच्यासाठी थांबायचे. त्या काळचे नामवंत डॉक्टर बेंजामिन रश यांनी त्याला अमेरिकेतला सर्वांत मोठा वक्ता म्हटल्याचं सांगतात. चर्चनं त्याला दीक्षा कधीच दिली नाही.

रिचर्ड ॲलननं वेगळा रस्ता धरला. स्वतःच्या कमाईतून स्वातंत्र्य विकत घेतलेला हा उपदेशक. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये एकदा गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या त्याच्या मित्राला, ॲबसलम जोन्सला, विश्वस्तांनी ओढून उठवलं, कारण तो 'चुकीच्या' जागी बसला होता. सगळे कृष्णवर्णीय उठून बाहेर पडले. ॲलननं लोहाराचं एक जुनं दुकान विकत घेतलं, ते आपल्या घोड्यांनी ओढून जागेवर आणलं आणि तिथं बेथेल चर्च सुरू केलं. १७९४ मध्ये उद्घाटनाचं प्रवचन ॲस्बरीनंच दिलं. १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हे स्वतंत्र चर्च झालं आणि ॲलन त्याचा पहिला बिशप. आज त्याचे लाखो सदस्य आहेत, आफ्रिका खंडातही.

मुख्य चर्चचा हिशेब १८४४ मध्ये चुकता झाला. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू हे गुलामांचे मालक निघाले. न्यूयॉर्कच्या सभेत आठवडेच्या आठवडे वाद झाला आणि चर्च उत्तर-दक्षिण असं फुटलं. प्रकाशनगृहाच्या वाटणीचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पुन्हा एकत्र यायला १९३९ उजाडलं.

खेळायला सक्त मनाई

हलकं काहीतरी. मेथडिस्टांनी १७८७ मध्ये मेरीलँडमध्ये कोक्सबरी कॉलेज काढलं. पहाटे पाचला उठणं, करमणूक म्हणजे बागकाम किंवा सुतारकाम, आणि खेळ कोणताही नाही. नदीत पोहायलाही बंदी. १७९५ मध्ये कॉलेज जळालं. बाल्टिमोरला नवीन काढलं, वर्षभरात तेही जळालं. ॲस्बरीनं निष्कर्ष काढला की मेथडिस्टांनी कॉलेजं काढावीत अशी देवाची इच्छा दिसत नाही. पुढच्या पिढ्यांनी हा निष्कर्ष अजिबात मनावर घेतला नाही: नॉर्थवेस्टर्न, एमरी, ड्यूक, व्हँडरबिल्ट, बोस्टन युनिव्हर्सिटी या सगळ्यांची मुळं मेथडिस्ट आहेत.

लिंकनला हरवणारा पाद्री

केस उडताना बघणारे ते पीटर कार्टराइट. गुलामीचा वीट येऊन केंटकी सोडून इलिनॉयला गेले. मेळाव्यात दंगा करणाऱ्या टग्यांना प्रसंगी हातानं सरळ करायचे. १८३२ मध्ये विधिमंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. पडलेल्यांत २३ वर्षांचा एक लुकडा पोरगा होता, अब्राहम लिंकन. १८४६ मध्ये काँग्रेससाठी दोघं पुन्हा समोरासमोर. लिंकन नास्तिक असल्याची कुजबुज कार्टराइटच्या गोटातून झाली, लिंकनला खुलाशाचं पत्रक छापावं लागलं आणि या खेपेला तो जिंकला. एक दंतकथा अशी: प्रवचनात कार्टराइटनी विचारलं, स्वर्गात कोण जाणार, नरकात कोण जाणार? लिंकन दोन्ही वेळा बसून. "मग तुम्ही कुठं निघालात?" "काँग्रेसमध्ये," लिंकन म्हणाला.

द्राक्षरस आणि तार

१८६९, न्यू जर्सीतलं व्हाइनलँड. दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्श यांना प्रभुभोजनात वाइन खुपायची. पाश्चरची युक्ती वापरून त्यांनी द्राक्षाचा रस न आंबता बाटलीत टिकवून दाखवला. चर्चनं आधी फारसं विचारलं नाही. पुढे मुलानं धंदा वाढवला आणि 'वेल्श' हे नाव अमेरिकेच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं.

१८८१ मध्ये प्रसिद्ध नास्तिक वक्ते रॉबर्ट इंगरसोल बोलून गेले की चर्चं मरू घातली आहेत. मेथडिस्टांच्या चर्च-विस्तार खात्याचे चार्ल्स मकेब यांनी ते आगगाडीत वर्तमानपत्रात वाचलं आणि पुढच्या स्टेशनवरून तार ठोकली: आम्ही रोज एकापेक्षा जास्त मेथडिस्ट चर्च बांधतो आहोत, लवकरच रोज दोन बांधणार. त्याचं लगोलग गाणंही झालं.

खंड संपला, पुढे मुंबई

ॲस्बरीच्या जोडीचे बिशप कोक यांनी म्हातारपणी भारत आणि सिलोनचा ध्यास घेतला. मे १८१४ मध्ये हिंदी महासागरात जहाजावरच ते गेले. एका सकाळी केबिनमध्ये मृतावस्थेत सापडले. पैशाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यामुळे बरोबरचे तरुण मिशनरी त्याच महिन्यात मुंबई बंदराला उतरले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन, आपल्या नेपियन सी रोडवाले. मंडळी पुढे सिलोनला रवाना झाली.

मुंबईशी दुसरी गाठ जास्त पक्की. १८४९ च्या गोल्ड रशमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला विल्यम टेलर नावाचा धिप्पाड मेथडिस्ट उतरला आणि जुगारअड्ड्यांसमोरच्या चौकात उभा राहून गाऊ लागला. एकदा धक्क्यावर व्हिस्कीच्या पिंपावर चढून तो म्हणाला, या पिंपाचा चांगल्या कामाला उपयोग बहुधा आज पहिल्यांदाच होतोय. पश्चिमेला जमीन संपली होती, टेलर थांबला नाही. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका करत १८७१ मध्ये मुंबईत आला. त्याची अट एकच: परदेशी मिशनच्या पैशावर चर्च चालवायचं नाही, इथल्या मंडळींनी स्वतःच्या खर्चानं चालवायचं.

मुंबईत त्याला जॉर्ज बोवेन भेटले. न्यूयॉर्कचे, तरुणपणी पक्के नास्तिक, १८४८ पासून मुंबईत अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम करणारे. मराठी शिकलेले, लवकरच मिशनचा पगार सोडलेले, गरिबीत राहून 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवणारे. ते टेलरच्या मेथडिस्टांत सामील झाले आणि १८८८ मध्ये मुंबईतच वारले. कुलाब्याला, गेटवेच्या जवळ, त्यांच्या नावाचं बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च आहे. टेलर तोवर आफ्रिकेचा बिशप म्हणून पुढे निघून गेला होता.